शिट्टी कुणाच्या तोंडात?

(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'खेळ आणि चळवळ' असा ऐसपैस विषय दिलाय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचं म्हणजे हवेत हात मारणं. म्हणून मी एकाच माणसावर बोलणार आहे. नाव बॉबी डग्लस. धंदा कॉलेजातला कुस्ती-कोच. मुलूख अमेरिका. कातडी काळी.

मागं बसलेल्या पोरांच्या तोंडावर प्रश्न दिसतोय. हा कोण बुवा? मुहम्मद अली माहीत आहे. १९६८ ला मेक्सिकोच्या ऑलिम्पिकमध्ये बक्षिसाच्या चौथऱ्यावर उभं राहून काळा हातमोजा घातलेली मूठ उगारणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस माहीत आहेत. त्यांचे फोटो आपल्या भिंतींवर चिकटवलेले आहेत आणि ते तिथंच असले पाहिजेत. पण कोचचा फोटो कोण लावतो? तो मॅटच्या कडेला लोखंडी खुर्चीवर बसलेला असतो, घसा ताणून ओरडत असतो. मला त्या खुर्चीवर बोलायचंय.

का, ते आधी सांगतो. दबलेल्या माणसाची अंगमेहनत ह्या जगाला कधीच नकोशी नव्हती. दगड फोड, मेलेलं ढोर ओढ, गटारात उतर. अंग चालतं. खेळातसुद्धा अंग चालतं. पळ, उड्या मार, ठोसे खा, ठोसे दे. टाळ्या मिळतील. बिघडतं कधी? ह्या अंगाला डोकं आहे आणि ते डोकं दुसऱ्याला शिकवणार, हुकूम देणार, संघ निवडणार म्हटलं की बिघडतं.

माझ्या मनाचं सांगत नाही. ६ एप्रिल १९८७. अमेरिकेत एबीसी टीव्हीवर 'नाइटलाइन' नावाचा कार्यक्रम चालू होता. जॅकी रॉबिन्सन ह्या काळ्या खेळाडूनं गोऱ्यांच्या बेसबॉलचं दार फोडलं त्याला चाळीस वर्षं झाली, त्यानिमित्त. पाहुणा होता अल कँपॅनिस, लॉस एंजलिस डॉजर्स संघाचा बडा अधिकारी. रॉबिन्सनबरोबर खेळलेला माणूस, म्हणजे काही टोपी घातलेला क्लॅनवाला नव्हे. त्याला विचारलं, काळे खेळाडू एवढे आहेत, मग मॅनेजर काळे का नाहीत? तर हा गृहस्थ सहज बोलून गेला की मॅनेजर व्हायला जे काही लागतं ते कदाचित त्यांच्यात नसेल. दोन दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला. पण बोलला ते सगळ्यांच्या पोटातलं बोलला. आपल्याकडं ह्यालाच मेरिट म्हणतात.

हिशेब बघा. रॉबिन्सन १९४७ ला मैदानात उतरला. त्या बेसबॉलमध्ये पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ ला. अठ्ठावीस वर्षं! पोराला खेळू दिलं आणि त्याला शिट्टी द्यायला अख्खी पिढी घातली. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये पहिल्या श्रेणीचं अजिंक्यपद जिंकणारा पहिला काळा कोच जॉन थॉम्प्सन, १९८४. आणि कॉलेजच्या कुस्तीत बॉबी डग्लस, १९८८. कँपॅनिसच्या त्या बडबडीनंतर एकाच वर्षानं.

आता ह्या माणसाकडं येऊ.

जन्म १९४२ चा, ओहायो राज्यातला. ओहायो नदीच्या काठचा कोळशाच्या खाणींचा पट्टा. ब्रिजपोर्टच्या हायस्कुलात शिकला आणि शाळेत असताना दोनदा राज्याचा अजिंक्य मल्ल झाला, १९५९ आणि १९६१. मग नदीपलीकडं वेस्ट लिबर्टी नावाचं छोटं कॉलेज, आणि तिथून ओक्लाहोमा स्टेट. हे ओक्लाहोमा स्टेट म्हणजे तिथल्या कुस्तीचं कोल्हापूर समजा. तालमीचा दबदबा, जुने वस्ताद, भिंतीवर विजेत्यांच्या तसबिरी.

साल लक्षात ठेवा. जुलै १९६४ ला अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलात, बसस्टँडवर, थेटरात काळ्याला अडवता येणार नाही, असं तेव्हा कुठं कागदावर आलं. ऑक्टोबर १९६४ ला डग्लस टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये देशाचा पोशाख घालून गादीवर उतरला. अमेरिकेच्या ऑलिम्पिक कुस्ती संघातला पहिला काळा मल्ल म्हणून त्याचं नाव नोंदलं गेलंय. चौथा आला. दक्षिणेतल्या काळ्यांचा मतदानाचा हक्क बजावून देणारा कायदा त्याच्यानंतर, १९६५ ला. म्हणजे देशासाठी अंग घासायला हा आधी चालला, त्याच्या माणसांचं मत नंतर. १९६६ च्या जागतिक स्पर्धेत त्यानं रौप्य घेतलं, १९७० ला ब्राँझ. १९६८ ला मेक्सिकोला तो अमेरिकन कुस्ती संघाचा कप्तान होता. हो, त्याच मेक्सिकोत, जिथं स्मिथ आणि कार्लोसनं मूठ उगारली आणि त्यांना संघातनं हाकललं. त्या मुठींतून आपण पुष्कळ घेतलं. ओकलंडमध्ये १९६६ ला ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं, हे काय मी तुम्हाला सांगायला नको.

पण मूठ उगारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं? डग्लसनं शिकवायला घेतलं.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याचा अभ्यासाचा विषय होता टेकडाउन. म्हणजे दोघं उभे आहेत, त्यातल्या एकानं दुसऱ्याला खाली आणून ताबा घ्यायचा. आपल्याकडचा पट काढणं हा त्यातलाच प्रकार. डग्लसनं ह्या एकाच गोष्टीवर पुस्तक लिहिलं. छापलं. ज्याला पाहिजे त्यानं विकत घ्या, वाचा, शिका. आता आपल्या तालमीतली म्हण आठवा: वस्तादानं शंभरातला एक डाव राखून ठेवावा. चेला उलटला तर पाडायला. लोक ही म्हण कौतुकानं सांगतात, मला ती विषारी वाटते. विद्या राखून ठेवायची, योग्य हातात पडते का बघायचं, आणि योग्य हात कुठला ते आपणच ठरवायचं. ही चाल आपल्या ओळखीची आहे. कानात शिसं ओतायच्या गप्पा ह्याच खानदानातल्या. ज्याच्या बापजाद्याला अक्षर शिकवणं गुलामगिरीच्या काळात कितीतरी राज्यांत कायद्यानं गुन्हा होता, तो माणूस स्वतःचा ठेवणीतला डाव पुस्तकात घालून बाजारात ठेवतो. मला त्या चौथऱ्यावरच्या मुठीएवढंच हे मोठं वाटतं. पटत नसेल तर नंतर भांडा.

शिकवणाऱ्याची किंमत काय असते ती आपल्या खाशाबा जाधवांना विचारायला हवी होती. १९४८ ला कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला गडी लंडनला गेला. गादीची सवय नाही, तिकडचे नियम अंगवळणी नाहीत. तिथं त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं शिकवलं. सहावे आले. पुढं १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. मेहनत त्यांचीच. पण गादीवर कसं लढायचं हे कुणीतरी समोर उभं राहून दाखवावं लागतं.

आता कॉलेजची कुस्ती काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर १९८८ ची गंमत कळणार नाही. तिकडं विद्यापीठ म्हणजेच आखाडा. कोच विद्यापीठाचा पगारी नोकर. तो गावोगाव हायस्कुलं फिरून पोरं हेरतो, शिष्यवृत्ती देऊन आणतो. ती शिष्यवृत्तीही मोजूनमापून. वजनगट दहा, आणि १९९० च्या दशकापासून पुढं बरीच वर्षं पूर्ण शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त नऊ पूर्णांक नऊ दशांश! दहा माणसांना दहासुद्धा नाहीत. मग कोच एकीचे तुकडे करून वाटणार. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसतीच आशा. कोण शिकणार, कोण घरी जाणार हे त्याच्या पेन्सिलीवर. ही खुर्ची म्हणजे नुसती डाव शिकवायची जागा नाही, हे ध्यानात आलं असेल.

वर्षाच्या शेवटी, मार्च महिन्यात, अखिल अमेरिकन स्पर्धा. प्रत्येक वजनात एक विजेता. पण संघाचं अजिंक्यपद वेगळं. तिथं प्रत्येक जिंकलेल्या कुस्तीचे गुण, चितपट केली तर जादा गुण, आणि पहिल्यापासून आठव्या नंबरापर्यंत येणाऱ्याला नंबराचे गुण. सगळ्यांची बेरीज.

डग्लस १९७४ ला ॲरिझोना स्टेट विद्यापीठात आला. वाळवंटातलं राज्य, कुस्तीच्या नकाशावर कडेला. तोवरची बहुतेक सगळी अजिंक्यपदं ओक्लाहोमा आणि आयोवा ह्या दोन राज्यांत फिरत होती. आणि ह्याच काळात आयोवा विद्यापीठात डॅन गेबल बसला होता. ऑलिम्पिक सुवर्णपदकवाला, भयंकर कोच. १९७८ ते १९८६ लागोपाठ नऊ अजिंक्यपदं त्यानं घेतली. गेबलवर अमेरिकेत गठ्ठ्यानं लिहिलं गेलंय, पुतळा उभा आहे. त्याच्या कर्तबगारीवर माझं काही म्हणणं नाही. पण गेबलच्या भिंतीला चौदा वर्षं डोकं लावून बसलेल्या डग्लसवर किती लिहिलं गेलं, ते शोधायला बसलात तर अर्ध्या दिवसात सापडेल तेवढं संपतं.

मार्च १९८८. जागा आयोवा राज्यातलं एम्स गाव. म्हणजे कुस्तीच्या राजधानीच्या अंगणात. दहा वजनांच्या दहा अंतिम लढती झाल्या, दहा विजेते निघाले. त्या दहांत ॲरिझोना स्टेटचा एकही नाही. एकसुद्धा नाही! आणि संघाचं अजिंक्यपद कुणाचं? ॲरिझोना स्टेटचं. त्र्याण्णव गुण. दुसरा गेबलचा आयोवा, साडेपंच्याऐंशी.

हे झालं कसं? तिसरा आला त्याचे गुण, पाचवा आला त्याचे गुण. उपांत्य फेरीत आपटून सकाळी परत उठून मागच्या फेरीतली कुस्ती मारणाऱ्याचे गुण. ज्याचं नाव पेपरात येत नाही त्याचे गुण. गड्यांनो, स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी, सोन्याची आशा संपलेली असताना पाचव्या नंबरासाठी लढायला पोराला उभं करणं ह्याच्याइतकं अवघड काम कोचला दुसरं नसतं. हिऱ्याला चमकवायला काय लागतं? मोडून बसलेल्या पोराला पुन्हा गादीवर पाठवायला डोकं लागतं आणि त्या पोराचा आपल्यावर विश्वास लागतो. आपल्या चळवळीत प्रत्येकाला सुवर्णपदक पाहिजे, प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा गट पाहिजे, म्हणून हे जरा लांबण लावून सांगितलं. कुणाला लागलं असेल तर लागू दे.

त्याच वर्षी सप्टेंबरात सोलच्या ऑलिम्पिकमध्ये केनी मंडे ह्या काळ्या मल्लानं सुवर्ण घेतलं. अमेरिकेला कुस्तीत सोनं मिळवून देणारा पहिला काळा. हे नाव लक्षात असू द्या, परत येणार आहे.

१९९२ ला बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकला अमेरिकेच्या फ्रीस्टाइल संघाचा कोच डग्लस. दहा वजनांत सहा पदकं. त्यातलं बावन्न किलोचं रौप्य झीक जोन्सचं, ॲरिझोनात त्याच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. आणि त्याच वर्षी डग्लस आयोवा स्टेट विद्यापीठात गेला. तेच एम्स गाव, जिथं चार वर्षांपूर्वी अजिंक्यपद उचललं होतं.

एम्सची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आयोवा स्टेटचा पहिला काळा खेळाडू जॅक ट्राइस. फुटबॉल खेळायचा. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात त्याला तुडवलं गेलं, दोन दिवसांनी मेला. मुद्दाम तुडवलं की खेळात झालं, ह्यावर अजून वाद आहे. १९७० च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली की नव्या स्टेडियमला ट्राइसचं नाव द्या. विद्यापीठवाल्यांनी टाळाटाळ केली. १९८४ ला तोडगा काढला: मैदानाला ट्राइसचं नाव आणि स्टेडियमला दुसरंच. अर्धं नाव! औरंगाबादच्या नामांतराचा लढा आणि १९९४ चा नामविस्तार ज्यांनी बघितलाय त्यांना हा तोडगा ऐकून हसू येईल. शेवटी १९९७ ला पूर्ण स्टेडियमला नाव लागलं. तेव्हा डग्लस त्याच विद्यापीठात कुस्तीचा कोच होता.

तिथं चौदा वर्षं काढली. संघाचं अजिंक्यपद मिळालं नाही, हे मी झाकून ठेवत नाही. १९९६, २०००, २००२, तीन वेळा दुसरा नंबर. पण त्याच काळात त्याच्या हाताखाली युटा राज्यातला एक गोरा पोरगा होता, केल सँडरसन. कॉलेजच्या कारकिर्दीत एकशे एकोणसाठ कुस्त्या, एकशे एकोणसाठ विजय, हार शून्य. १९९९ ते २००२ सलग चार वेळा विजेता. २००४ ला अथेन्सला सोनं. अमेरिकन कॉलेजकुस्तीत असा दुसरा माणूस झालेला नाही.

आता बघा हं. वस्ताद काळा, चेला गोरा. त्या पोराचा अंगठा कुणी मागितला नाही. राखून ठेवलेला डाव नाही. आणि आपल्याकडं? १९८५ पासून भारत सरकार उत्तम कोचला पुरस्कार देतं. नाव काय त्याचं? द्रोणाचार्य पुरस्कार! ज्या मास्तरानं न शिकवता फी वसूल केली आणि फी म्हणून धनुर्धराचा अंगठा घेतला, त्याच्या नावानं. दरवर्षी राष्ट्रपती भवनात टाळ्या वाजतात. ज्यांना पुरस्कार मिळाला ते कोच चांगले आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण त्या नावाशी आहे.

डग्लसला देव्हाऱ्यात बसवायला मी आलेलो नाही. कोच नावाची जातच धोक्याची आहे, काळा असो, गोरा असो, आपला असो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन मल्ल वजन उतरवताना मेले. रबरी कपडे घालून, तापलेल्या खोलीत, पाणी तोडून. दीड महिन्याच्या आत तीन पोरं. मग नियम बदलले. रबरी कपडे बंद, गरम खोल्या बंद, वजनं वाढवली. तोवर हे सगळं 'शिस्त' म्हणून चाललं होतं. म्हणून खुर्ची मिळवा म्हणताना त्या खुर्चीवर नजर ठेवणारं कोणीतरी पाहिजे, हेही म्हणतो.

तर मुद्दा आपल्यापाशी येतो. आपल्या वस्त्यांत व्यायामशाळा आहेत. सकाळी पोरं जोर मारतात, पोलिसभरतीची धाव मारतात. चांगलं आहे, नोकरी पाहिजेच. पण पटियाळ्याला १९६१ पासून क्रीडा संस्था आहे, एनआयएस म्हणतात ती. तिथं कोचचा डिप्लोमा मिळतो. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी त्याचा फॉर्म बघितलाय? हात वर करा. दिसलं मला. पंचाची परीक्षा कोणी दिलीय? जिल्ह्याच्या निवड समितीवर आपला माणूस कोण? पोरगं संघात घेतलं नाही म्हणून आपण मोर्चा काढतो. बरोबर करतो. पण यादी लिहिणाऱ्याच्या टेबलापलीकडं आपण बसलेलोच नाही, तर मोर्चा दरवर्षी काढावा लागणार.

आणि एक माणूस बसला म्हणजे टेबल आपलं झालं, असंही नाही. २००६ ला डग्लस बाजूला झाला, सँडरसन आयोवा स्टेटचा कोच झाला. २००९ ला तो पेन स्टेटला गेला आणि तिथं अजिंक्यपदांची रास लावली. आयोवा स्टेटला त्याच्या जागी केव्हिन जॅक्सन आला, बार्सिलोनाच्या सहा पदकांतल्या एका सुवर्णाचा मानकरी. काळा. एवढं झालं. तरी पहिल्या श्रेणीच्या कुस्तीत काळे मुख्य कोच आजही हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

आखाडाच उचलून नेतात तो प्रकार तर वेगळाच. ज्या ॲरिझोना स्टेटला डग्लसनं अजिंक्यपद मिळवून दिलं, त्यांनी मे २००८ मध्ये पैसे नाहीत म्हणून कुस्तीच बंद केली. माजी मल्ल आणि देणगीदार धावले, दहाएक दिवसांत परत चालू करावी लागली. ज्यांच्यामागं पैसेवाले नाहीत त्यांचं काय होतं? बाल्टिमोरला मॉर्गन स्टेट हे काळ्यांचं ऐतिहासिक विद्यापीठ आहे. तिथली कुस्ती १९९७ ला बंद पडली. पुढं अशी वेळ आली की काळ्यांच्या विद्यापीठांपैकी पहिल्या श्रेणीची कुस्ती एकाकडंही उरली नव्हती. काळा मल्ल घडवायचा तर गोऱ्यांच्या विद्यापीठात पाठवा, दुसरी वाट नाही. २०२१ ला मोठी देणगी मिळाली म्हणून मॉर्गन स्टेटनं कुस्ती पुन्हा सुरू करायचं जाहीर केलं. २०२२ ला कोच नेमला. केनी मंडे, सोलचा. साठीला टेकलेला माणूस. संघ नाही, जुनी पोरं नाहीत, सगळं पहिल्यापासून.

माझी वेळ संपली, चिठ्ठी आलीय. पटियाळ्याच्या फॉर्मची चौकशी ज्यांना करायचीय त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. बाकीच्यांनी प्रश्न विचारा.

जय भीम.